सात्यांचा ओटा

जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेल्याला वर्ष होत आलं होतं, पण झडीला त्याचं काही नव्हतं. ती जुन्याच रिवाजानं श्रावणात लागली आणि लागली ती उठायचं नाव घेईना. सेलूकडच्या जंगलाला लागून असलेल्या त्या वस्तीत निंदणाची कामं बंद पडली, कपाशीच्या पऱ्हाटीत गवत माजलं आणि माणसं घरात बसून एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. चुलीत ओली काटकी, घरभर धूर आणि ताटात दोन्ही वेळ ज्वारीची भाकर आणि तिखटाचा गोळा.

पुनाजी म्हातारा गळक्या छपराखाली कधी पितळेचा गंज सरकवी, कधी घमेलं. पण गळतीपेक्षा तोंडाची चव गेल्याचं दुःख त्याला मोठं होतं.

"बुढे," तो बायकोला म्हणाला, "आता सात्या निंघाल्या असन बाप्पा."

"निंघाल्या असन त जा, घेऊन या," धुरपता म्हणाली. "अन् येता येता सवतही आणा. दोघीले एकाच गंजात शिजवू."

सात्या म्हणजे झडीत वारुळांवर उगवणारी भूछत्रं. कोंबडीच्या तोंडात मारेल अशी त्यांची भाजी होते. आणि सवत म्हणजे त्यांच्यासारखीच दिसणारी, त्यांच्याच शेजारी उगवणारी, पण पोटात गेली की माणसाला आडवं करणारी. ती नावं धुरपतानं ठेवलेली होती. तिच्या हिशेबी सात्यांचा सगळा गोतावळाच होता. ताटाएवढ्या पसरतात त्या थोरल्या, बोटाएवढ्या असतात त्या धाकट्या, आणि लाह्या सांडल्यासारख्या जमिनीभर उगवतात ती लेकरं. सवतीबद्दल मात्र ती कधी गोड बोलली नाही.

एका श्रावणात वस्तीतल्या चिंधूच्या घरात न पारखता सात्या शिजल्या होत्या. सगळं घर ओकून ओकून आडवं पडलं आणि चिंधूचा बाप त्यातून उठलाच नाही. तेव्हापासून रिवाज पडला. ज्याला वारुळावर सात्या सापडतील त्यानं आधी सूप घेऊन धुरपताच्या ओट्यावर यायचं. ती एकेक हातात घेऊन पाही, चांगल्या सुपात ठेवी, वाईट मागे फेकी. आणि भाजी शिजली की पहिला घास पारखणारीनं खायचा, हा तिनं स्वतःच घातलेला दंडक होता. घरोघर जाऊन ती एकेक घास खाई. म्हातारी त्या घासांवरच जगते असं लोक म्हणत, आणि ते तिला आवडे.

सून रुखमा वैशाखात या घरी आली होती. सिंदी रेल्वे गावची पोर, बाप तिथल्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. कापसातली काडी-कचरा टिपता टिपता ती लहानाची मोठी झालेली, त्यामुळे टापटीप तिच्या अंगातच होती. तांदळात खडा राहिला तर तिला रात्री झोप लागत नसे. सासूबद्दल तिच्या मनात भीती होती आणि त्या भीतीखाली, अजून तिचं तिलाही न कळलेलं, बरंच प्रेम होतं. या बाईनं आपल्याला एकदा शाबास म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

झडीनं सकाळी जरा दम खाल्ला तेव्हा शेजारची रामबाई तिला हाक मारायला आली. रामबाई वयानं मोठी, लेकराबाळांची, तिला जंगलातली वारुळं माहीत होती. दोघी डोक्यावर पोत्याची घोंगशी घेऊन निघाल्या. सागाच्या पानांवरून पाणी निथळत होतं, पायाखाली चिखल चपचपत होता. वारूळ दिसलं आणि रुखमा उभीच राहिली. लाल मातीतून पांढऱ्या, टोकदार टोप्या वर आल्या होत्या.

"हळू उपट," रामबाई म्हणाली. "खालून बोट घालून. शेपूट तुटाले नाई पाह्यजे."

सात्यांना खाली लांब शेपूट असतं, थेट वारुळाच्या पोटात गेलेलं. रुखमानं एकेक सांभाळून काढली. अर्ध्या तिच्या ओटीत आल्या, अर्ध्या रामबाईच्या.

घरी आली तेव्हा सासू मागच्या अंगाला शेण थापत होती. रुखमाच्या मनात आलं, नुसत्या चिखलाच्या गोळ्यासारख्या कशा पुढे ठेवायच्या. तिनं विळीवर सगळ्यांची शेपटं कापली, देठ आखूड केले, टोप्यांवरची साल नखानं अलगद सोलली, दोन पाण्यानं धुतल्या आणि सुपात गोल मांडल्या. इतक्या स्वच्छ सात्या त्या घरानं कधी पाहिल्या नसतील.

धुरपता हात धुऊन ओट्यावर येऊन बसली. आधी रामबाईनं आपलं चिखलानं भरलेलं सूप सरकवलं. म्हातारीनं एकेक उचलली. अंगठा टोपीच्या टोकावर, मग देठावरून खाली शेपटापर्यंत, मग नाकाशी.

"चांगल्या हाय. ने," ती म्हणाली.

मग तिच्यापुढे रुखमाचं सूप आलं. तिनं एक उचलली. अंगठा फिरला आणि थांबला. दुसरी उचलली. तिसरी. तिच्या कपाळाला आठी पडली.

"शेपटं कुठी हाय?"

"कापले जी, आत्याबाई. माती होती."

"अन् वरची साल?"

"काढली. धुवून घेतल्या."

धुरपतानं हातातली सात्या परत सुपात टाकली. पुनाजी आतून मान लांब करून पाहत होता.

"फेक," ती म्हणाली. "सगळ्या फेक."

"मोठीमाय, एकाच वारुळाच्या हाय वो," रामबाई म्हणाली. "मी संग होती. टोपीच्या पोटाच्या घड्या पाय ना, कशा पांढऱ्या हाय."

"वारूळ एक असन. बाजूले सवतही उगवते. ओट्यावर मी बसली हाय का तू?"

रामबाई आपलं सूप उचलून गेली. रुखमानं आपलं सूप उचललं आणि उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. डोळ्यांत पाणी आलं ते पावसात कोणाला दिसलं नाही, एवढंच बरं झालं. संध्याकाळी रामबाईच्या चुलीवरून भाजीचा वास भिंत ओलांडून आला. पुनाजीनं तो वास हुंगत भाकर-तिखट खाल्लं आणि दर घासाला सुस्कारा टाकला. धुरपता रामबाईकडे पहिला घास खायला गेली होती. त्यांच्याच वारुळाची भाजी ती तिकडे खाऊन आली, हे रुखमाला फार लागलं.

"बुढीचं मनावर घेऊ नको," नवरा कवडू म्हणाला.

"मायं मन हाय कुठी तुमच्या घरी," रुखमा म्हणाली आणि न जेवता निजली.

झड उठली तशी पुंडलिकरावांच्या वावरात निंदणाची घाई झाली. पुंडलिकराव वस्तीचे मोठे कास्तकार. कवडू त्यांच्याकडे सालदार, म्हणजे सालानं ठरलेला गडी, होता. बायका ओळीनं बसल्या, प्रत्येकीला निंदायला आपापली पात. ऊन असं तापलं की ओल्या मातीची वाफ तोंडाला लागत होती. रुखमाची पात सासूच्या पातीला लागून होती. दोघी दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत, फक्त खुरप्यांचा आवाज.

दुपारनंतर पुंडलिकराव बांधाच्या धुऱ्याधुऱ्यानं आले आणि धुरपताच्या पातीमागे उभे राहिले. मागे गवताचे पुंजके तसेच उभे होते आणि मध्येच पऱ्हाटीची झाडं मुळापासून कापून पडली होती.

"हे काय हो? गवत ठेवलं अन् पऱ्हाटी निंदली? कोणाची पात होय हे?" ते ओरडले. साऱ्या बायकांचे हात थांबले.

रुखमानं वळून पाहिलं. सासू खाली मान घालून बसली होती. तिचा डावा हात पुढच्या झाडाची पानं चाचपत होता, पानाची कड बोटांनी ओळखत होता, आणि मग खुरपं चालत होतं. रुखमाला तो अंगठा आठवला. टोपीच्या टोकावर, देठावरून खाली, शेपटापर्यंत, मग नाकाशी. आणि शेपूट नव्हतं तिथे थांबलेला.

"मायी पात होय जी," रुखमा म्हणाली. "आत्याबाईची थे बाजूची. आताच जागा बदलली आमी."

"सिंदीची होय ना तू? जिनात कापूस पाह्यला, झाड नाई पाह्यलं कधी?"

बायका हसल्या. कवडू बैल हाकत होता त्यानंही ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. रुखमा सासूच्या जागी जाऊन बसली आणि उरलेली पात काढली. 

घरी येताना नाल्याला पाणी होतं. उतरायच्या जागी रुखमानं न विचारता सासूचा हात धरला, आणि सासूनं तो सोडवून घेतला नाही. पलीकडे गेल्यावर धुरपता दगडावर बसली.

"पात मायी होती," ती म्हणाली.

"माईत हाय मले."

"मंग काऊन बोलली?"

"आत्याबाई, कवापासून दिसत नाई तुमाले?"

म्हातारी पायाचा चिखल खरवडत राहिली. "डाव्या डोयानं कायीच नाई. उजव्यानं धुरातून पाह्यल्यावानी. मांगच्या पोयाले बैलाची झूल दिसली होती, औंदा थेही दिसणार नाई."

"मामाजीले सांगितलं?"

"त्याइले सांगाव? थे साऱ्या गावाले सांगतीन अन् वर रडतीन." ती थोडं हसली. "सात्या म्या बोटानंच पारखल्या दोन साल. टोक लागते, शेपूट लागते, वास येते. सवतीच्या गयात पट्टा असते, थो लागते. तुया सुपात काय लागलं मले? नुसते सोललेले मांसाचे तुकडे. चांगल्याच असन त्या. पण मी कशी म्हणू चांगल्या? चिंधूचा बाप डोयापुढं उभा राह्यला."

"मले हळूच सांगाचं होतं."

"आज तुले सांगितलं असतं, उद्या रामबाईले कयलं असतं, परवा ओट्यावर कोणी आलं नसतं." तिनं चिखलाचा गोळा पाण्यात फेकला. "मायं काय हाय व, पोरी? वावर नाई, बैल नाई. श्रावणात गाव माया ओट्यावर येते, तेवढंच मायं हाय."

रुखमाचा सगळा राग त्या नाल्याच्या काठावर गळून पडला. तिला सासूच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण तशी पद्धत नव्हती. तिनं आपल्या लुगड्याच्या पदरानं म्हातारीच्या पायाचा चिखल पुसला.

"ओटा कुठी जात नाई," ती म्हणाली. "मले शिकवा. तुमी बोटानं पाहा, मी डोयानं पाह्यन."

त्यानंतर निंदणाहून येताना दोघी रोज जंगलाच्या कडेनं येऊ लागल्या. धुरपता वारुळाशी उकिडवी बसे आणि रुखमाच्या हातात एकेक देई.

"घडी पाय. कशी हाय?"

"पांढरी."

"नुसती पांढरी म्हणू नको. दुधावानी का चुन्यावानी?"

"दुधावानी. जराशी गुलाबी झाक हाय."

"हं. थे धाकटी. आता हे?"

"हेही पांढरीच. पण गयात पट्टा हाय."

"सवत. कवळी हाय तवा पांढरी दिसते, मोठी झाली का घडी हिरवी होते. रंग बदलते म्हून तिचा भरोसा नाई. हुंग तिले. आता धाकटीले हुंग. धाकटीले नव्या पिठाचा वास येते. आला का?"

कधी वास येई, कधी येत नसे. रुखमा चुकली की म्हातारी तिच्या डोक्यात टपली मारी, आणि बरोबर सांगितलं की काहीच बोलत नसे. शाबास असं ती चुकूनही म्हणाली नाही. पण एकदा चालता चालता तिनं सुनेचा खांदा धरला आणि घर येईपर्यंत धरूनच ठेवला. रुखमाला ते पुरलं.

दोघींनी एक खूण ठरवली. ओट्यावर शेजारी बसायचं. सात्या वाईट दिसली तर रुखमानं गुडघ्यानं सासूचा गुडघा दाबायचा. गावाला काही कळायचं कारण नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी ज्याच्या घरी जमेल त्याच्या घरी कोंबडं, आणि जमत नाही त्याच्या घरी सात्या. वस्तीत दुसरा प्रकार जास्त. सकाळपासून ओट्यावर बायका जमल्या, सुपं, टोपल्या, कोणाचा नुसता पदर. धुरपता मधोमध बसली, शेजारी रुखमा. सूप पुढे आलं की म्हातारीचा अंगठा फिरे, गुडघा दाबला गेला की सात्या मागे पडे. सगळं इतकं सुरळीत चाललं की रुखमाला हसू आवरेना. आत पुनाजी कांदा चिरायला बसला होता. भाजीच्या आशेनं त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते कांद्याचंच आहे असं सांगत होता.

मग पुंडलिकरावांच्या पत्नी विमलाबाई आल्या. घरी देवळी गावचे पाहुणे होते म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. गडीमाणसांनी पहाटे जंगलातून आणलेलं भरलं टोपलं त्यांनी पुढे ठेवलं.

"लौकर पाहून द्या, धुरपताबाई. चूल पेटली आहे माझी. साफ करूनच आणल्या आहेत, तुम्हाला त्रास नको."

शेपटं कापलेली, साल सोललेली, धुतलेली.  धुरपतानं एक उचलली. अंगठा फिरला आणि थांबला. तिनं आपला गुडघा रुखमाच्या गुडघ्याला लावून ठेवला आणि वाट पाहू लागली.

रुखमानं पाहिलं. घड्या पांढऱ्या होत्या. पण दुधावानी का चुन्यावानी, ते तिला सांगता येईना. एका टोपीच्या कडेला किंचित हिरवट वाटलं, पण ती ओट्याजवळच्या निंबाची सावली असेल. दाबावं तर भरलं टोपलं वाया जाईल, वरून पुंडलिकरावांच्या घराचं. न दाबावं तर पाहुण्यांसकट सगळं घर. गुडघा तसाच राहिला. दाबलाही नाही, काढलाही नाही. 

धुरपतानं आणखी थोडी वाट पाहिली. मग तिनं हातातली सात्या रुखमाच्या हातात दिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले दिसत नाई. दोन साल झाले, मले दिसत नाई. घाबरू नको, रुखमे. उन्हात घेऊन जा अन् मले रंग सांग."

 आत कांदा चिरायचा थांबला. रुखमा उठून अंगणात उन्हात गेली, टोपी मोडली, घड्या उलगडल्या.

"वरून पांढऱ्या हाय," ती म्हणाली.  "आतून बुडाशी हिरवी झाक हाय, आत्याबाई."

"सावली त नाई?"

"नाई जी. उन्हात हाय मी."

"आण इकडे." धुरपतानं ती मोडलेली टोपी नाकाशी धरली, डोळे मिटून. ते मिटायची आता गरज नव्हती, पण सवय होती. "पिठाचा वास नाई. टोपल्यात दोन्ही मिसळल्या असन. सगळ्या फेका, विमलाबाई. पाहुण्याइले बेसन करा."

विमलाबाईंनी टोपल्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि टोपलं उचलून स्वतः उकिरड्यावर रिकामं केलं. जाताना त्या धुरपताच्या पायाला हात लावून गेल्या.

धुरपता ओट्यावर तशीच बसून होती, हात रिकामे, मांडीवर. तिला वाटत होतं, आता एकेक उठेल, सूप उचलेल आणि जाईल. तिच्या ओठांची हालचाल रुखमाला दिसत होती.

रामबाई उठली खरी. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "म्हून पोरीच्या फेकल्या होत्या व, मोठीमाय? अन् मी तुले मनात वाईट बोलली." तिनं आपलं सूप उचललं, पुढे आली आणि ते ओट्यावर ठेवलं. पण धुरपताच्या पुढे नाही. सासू आणि सून दोघींच्या मधोमध. "घ्या. एकीनं हात लावा, एकीनं पाहा. मले लेकराइच्या पोटाची काळजी हाय."

मागून दुसरं सूप आलं, तेही मधोमधच ठेवलं गेलं.

दुपारी पुनाजीच्या घरात भाजी शिजली. जवसाच्या तेलात कांदा, लाल तिखट आणि धाकट्या सात्या. वासानं म्हातारा कासावीस झाला होता, पण आज तो ताटावर बसला नाही, बायकोच्या शेजारी जाऊन बसला. "मले काऊन नाई सांगितलं?" एवढंच त्यानं तिला विचारलं, आणि तिनं नाल्यावर म्हटलं होतं तसा तो खरंच रडला. कवडूनं वर छपराकडे पाहण्याचं निमित्त काढलं.

रुखमानं पहिली वाढणी घेतली. या घरच्या सात्या आज तिनं एकटीनं पारखल्या होत्या. पारखणारीनं पहिला घास खायचा. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडाशी नेला.

धुरपतानं चाचपत तिचं मनगट धरलं.

"थांब."

"दंडक तुमचाच होय, आत्याबाई. ज्यानं पारखलं त्यानं खावं."

"दंडक मायाच होय, म्हून मीच मोडीन. तुले कायी झालं त उद्या गावाच्या सात्या कोण पाह्यन? तू पारखत जा. पयला घास आता माया." तिनं तोंड उघडलं आणि लेकरासारखी वाट पाहत राहिली. "दे. कोणती होय थे मले दिसत नाई, अन् मले पाहाचंही नाई. तू पाह्यली हाय ना?"

रुखमानं तो घास सासूच्या तोंडात घातला. म्हातारीनं सावकाश चावला आणि गिळला. पुनाजी तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"मीठ कमी हाय," धुरपता म्हणाली आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.